गांगुर्डे सरांची पुरवणी

१

बुधवारी सकाळी साडेसातला कुणीतरी माझ्या दाराची बेल अशी दाबून धरली, जणू जिन्याला आग लागली असावी. मी चहा गाळत होते. चहा गाळताना बेल वाजली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तणतणत दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरची हर्षाली. स्वेटर उलटा घातलेला, पायात चप्पल नाही, आणि हातातला मोबाईल अंगापासून लांब धरलेला.

"काकू, सरांचा मेसेज आलाय."

"आला तर आला. कोणत्या सरांचा?"

"गांगुर्डे सरांचा."

गाळणी माझ्या हातात तशीच राहिली. आमच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मोतीराम गांगुर्डे सरांना जाऊन चार महिने होत आले होते. नऊ ऑक्टोबरला गेले. मी स्वतः त्यांना शेवटचं पाहून आले होते.

मोबाईलवर सरांचं नाव, चष्मा कपाळावर सारलेला त्यांचा नेहमीचा फोटो, आणि खाली दोन वाक्यं. 'हर्षाली, ते पत्र मी लिहिलेलं नाही. खरं काय ते सांगून टाक.'

मी भुताखेतांतली बाई नाही. पण खोटं कशाला सांगू, अंगावर सर्रकन काटा आला. पोरगी अजून दारातच उभी होती. तिला आत ओढलं, माझी शाल तिच्या अंगावर टाकली आणि माझ्या वाटचा चहा तिच्या हातात दिला.

"कुठलं पत्र?" मी विचारलं, तरी उत्तर मला ठाऊक होतं. सोमवारपासून पगाऱ्यांच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

हर्षाली पगारे, बारावी सायन्स. गणितात अशी, की आमच्या कॉलेजातले शिक्षक तिच्या तासाला तयारी करून जात. इंग्लंडातल्या एका फार जुन्या विद्यापीठात तिनं अर्ज केला होता. जगभरातून हजारो पोरं अर्ज करतात आणि मूठभर घेतली जातात, तसल्या ठिकाणी. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि जानेवारीत होकार आला. तिचे वडील दिनेश ओझरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. त्यांनी त्या दिवशी सगळ्या सोसायटीला पेढे वाटले, आणि मला साखर असूनही दोन.

मग सोमवारी विद्यापीठाचा मेल आला. तुमच्या अर्जाला जोडलेलं शिक्षकाचं शिफारसपत्र आमच्याकडे चौदा ऑक्टोबरला पोचलं. तो शिक्षक नऊ ऑक्टोबरला वारला होता, असं आम्हाला कुणीतरी कळवलंय. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेपाचपर्यंत, पुराव्यासकट खुलासा करा. नाहीतर होकार रद्द.

"काकू," हर्षाली म्हणाली, "मेलेल्या माणसाला मी काय उत्तर देऊ?"

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. सरांचं नाव. 'शुक्रवारपर्यंत वाट बघतो.'

२

मी छाया दोंदे. सरांच्याच कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली नऊ वर्षं बोर्डाच्या भरारी पथकात काढली. बारावीच्या परीक्षेला जीपमधून अचानक येऊन कॉप्या पकडणारं पथक असतं ना, ते. बुटात, पट्टीच्या मागे, कुठे कुठे लपवलेल्या चिठ्ठ्या मी पकडल्यात. पोरं मला काय काय म्हणत ते मला माहीत आहे, इथं सांगत नाही.

म्हणूनच दिनेश हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्हीच बघा. आमच्या पोरीच्या वाट्याला काही आलं की कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतंच. पोलिसात जायचं तर शुक्रवार तिथेच उजाडेल."

मी हो म्हणाले. पण मनात एक पाल चुकचुकली होती. पोरीनंच काही केलं असेल तर? नऊ वर्षांत मी हुशार पोरांनाही पकडलं होतं. हुशार पोरं तर जास्त घाबरट असतात.

प्राचार्यांनी हात झटकले, पण विद्यापीठानं कॉलेजला पाठवलेले कागद मला दाखवले. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ते शिफारसपत्र. दुसरी, निनावी तक्रार. तक्रारीला सरांच्या निधनाचं वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलेलं, आणि मजकुरात एक वाक्य होतं: 'हे पत्र १४ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलं गेलं.'

त्या चाळीस मिनिटांवर माझी नजर अडकली. विद्यापीठ फक्त तारीख सांगत होतं. मिनिटासकट वेळ कुठे दिसते? पत्र पोचल्याची जी पावती येते, तिच्यात. आणि ती पावती येते शिक्षकाच्या मेलवर.

शिफारसपत्र मी दोनदा वाचलं. इंग्रजी साधं, आठवीच्या पुस्तकातल्यासारखं. वाचून झाल्यावर मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि हर्षालीला दाखवलं नाही. अशी पत्रं मुलांनी बघायची नसतात, हे एक कारण. दुसरं कारण नंतर सांगते.

आधी गेले प्रफुल्लकडे. परदेशी जाणाऱ्या पोरांना अर्ज भरून देतो. कॉलेज रोडला काचेचं ऑफिस, भिंतीवर घड्याळं पाच, त्यातली दोन बंद. कुंभमेळ्याच्या नावानं सगळा रस्ता खोदून ठेवलेला, त्यामुळे मी पोचले तेव्हाच माझा पारा चढलेला होता.

"पत्र तुम्ही लिहिलंत का हो?"

त्यानं कागद वाचला आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं? यात तर पोरीची निंदा आहे! आमची पत्रं म्हणजे कशी, मुलगी कोहिनूर. मी गांगुर्डे सरांना म्हणालो होतो, पत्र मी करून देतो, तुम्ही नुसती सही करा. सगळेच तसं करतात. तर मला म्हणाले, बाहेर हो."

"आणि तेजलचं पत्र?"

"ते मीच केलं," तो पुटपुटला. तेजल म्हणजे हर्षालीची मैत्रीण. दोघींनी एकाच ठिकाणी अर्ज केला होता. तेजलला नकार आला.

तेजल तिच्या बाल्कनीत भेटली. ती रडली, आणि मला वाटलं खरंच रडली. "मला राग आला होता, टीचर. मी तिचा नंबर आठवडाभर ब्लॉक केला होता. पण सरांच्या नावानं मेसेज? मला तर सरांचा फोटो बघायचीही भीती वाटते." मग डोळे पुसून म्हणाली, "सरांचा फोन हॉस्पिटलातच हरवला ना? अश्विनदादा सगळ्यांना तसं सांगत होते."

मी तिला सोडलं. अकरा चाळीस तिला कळायला काही मार्गच नव्हता. ती वेळ दोनच ठिकाणी दिसू शकत होती: कॉलेजच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि सरांच्या हरवलेल्या फोनवर.

जिना उतरताना माझाच मोबाईल वाजला. अनोळखी नंबर नव्हता, चार महिन्यांपूर्वी माझ्याकडून खोडायचा राहून गेलेला होता. गांगुर्डे सर. 'दोंदे बाई, तुम्ही कॉपीवाल्यांच्या बाजूनं कधीपासून?'



३

ओझरला सरांचं घर. गुरुवारी सकाळी दिनेशनी स्कूटरवरून नेलं. थंडीनं नाक लाल झालं होतं आणि डोक्यावरून विमान घरघरत गेलं.

"जय भीम, वहिनी," म्हणत मी आत गेले. सरांच्या पत्नीनं पाणी आणलं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी नवा फोटो सरांचा. अश्विन, सरांचा एकुलता एक मुलगा, कामावर जायच्या तयारीत होता. सत्ताविशीचा. एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. लहानपणी हाही गणितात वाघ होता, मला आठवतं.

"सरांचा फोन कुठे आहे रे?" मी सरळ विचारलं.

"हरवला, मॅडम. हॉस्पिटलात."

"नक्की?"

"नक्की."

मी पाणी प्यायले. कोपऱ्यात टीपॉय, त्यावर त्याचा स्वतःचा नवा फोन चार्जिंगला लावलेला. आणि त्याच बोर्डात, शेजारच्या खाचेत, दुसरा चार्जर. जुना, बारीक पिनेचा, वायरीला सरांनी गुंडाळलेली निळी चिकटपट्टी. त्याचं बटण चालू होतं.

"वहिनी, तुमचा फोन कोणता?"

त्यांनी कमरेचा काढून दाखवला. त्याची पिनही नवीच.

"अश्विन," मी म्हणाले, "फोन हरवून चार महिने झाले. मग हा चार्जर कुणाला चार्ज करतोय?"

त्याचा चेहरा खाडकन उतरला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो आत गेला, आणि सरांचा फोन आणून त्यानं माझ्यासमोर टीपॉयवर आपटला.

"हो, मीच केली तक्रार. मीच पाठवले मेसेज. शुक्रवारची मुदत आणि तुमची चौकशी, दोन्ही कॉलेजातून कळलं मला. काय चुकलं माझं? बाबा आयसीयूत होते सहा तारखेपासून. नऊला गेले. आणि चौदाला त्यांच्या नावानं पत्र जातं! पावती याच फोनवर आली, मी बघितली. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं लिहिलं त्यांनी, आणि मी गप्प बसू?"

"तू पोरीला भुतासारखा घाबरवत होतास. कालपासून जेवली नाही ती."

"मग तिनं कबूल करावं!" तो ओरडला, आणि मग त्याचा आवाज एकदम बसला. "मॅडम, नऊ वर्षांपूर्वी मीही अर्ज केला होता. तिथेच. बाबांना म्हणालो, पत्र लिहा. ते म्हणाले, मला इंग्रजी जमत नाही रे, कुणाकडून तरी करून आण, मी सही करतो. पोटच्या पोरासाठी ज्यांनी चार ओळी लिहिल्या नाहीत, ते हिच्यासाठी पानभर लिहितील?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"बाबांच्या हातचा कागद दाखवा," अश्विन म्हणाला. "एक कागद. मी स्वतः विद्यापीठाला लिहीन की माझी चूक झाली. नाही दाखवलात, तर उद्या प्राचार्यांकडे आणि पोलिसांकडेही जाईन. तिचा होकार जाईलच, बारावीची परीक्षाही जाईल."

दिनेश दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. परत येताना स्कूटर चालवणाऱ्या त्या माणसाचे खांदे हलत होते.

४

कॉलेजच्या ऑफिसात रविराज क्लार्क. माझ्याच वेळी लागलेला, कामाला बरा, पण सगळं उद्यावर ढकलणारा. आमच्या कॉलेजात एक रीत आहे. शिक्षकांना कॉम्प्युटरचा कंटाळा, म्हणून सगळ्यांचे मेल आणि पासवर्ड रविराजच्या एका वहीत. पत्रं तो टाइप करतो, तोच पाठवतो. म्हणजे चौदा तारखेला अकरा चाळीसला कळ दाबणारं बोट कुणाचं, हे मला ऑफिसात पाय ठेवण्याआधीच ठाऊक होतं.

मला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, सगळं रीतसर आहे. जावक रजिस्टर बघा." त्यानं घाईघाईनं रजिस्टर उघडलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद त्यात असते. त्याचं बोट थांबलं ती ओळ: 'मोतीराम गांगुर्डे सर, शिफारसपत्र, ह. पगारे.' तारीख सात ऑक्टोबर.

दिनेशचा चेहरा उजळला. माझा नाही.

"रविराज, या ओळीच्या वर आणि खाली निळी शाई आहे. ही काळी कशी?"

"पेन बदललं असेल."

"आणि सात तारखेला सर आयसीयूत होते. नाकात नळी होती त्यांच्या. तिथून उठून तुझ्या टेबलावर पत्र ठेवायला आले?"

तो रजिस्टर मिटायला लागला. मी त्याच्या जागी उत्तर दिलं, कारण ही खोड मला पाठ आहे. क्लार्क लोक रजिस्टरात अधूनमधून एखादी ओळ कोरी सोडतात. पुढे कधी मागच्या तारखेचं पत्र दाखवायची वेळ आली, तर सोय. यानं ती कोरी ओळ परवा भरली होती, आणि घाबरून जी पहिली सापडली ती भरली.

"बाई, नोकरी जाईल माझी," तो कसाबसा म्हणाला आणि बाथरूमकडे पळाला. त्यानंतर तो घरी निघून गेला, फोनही बंद.

आता सांगा, याचा अर्थ काय होतो? खोटी नोंद, मेलेल्या माणसाचा मेल, कागद गायब. मी पथकात असते तर दोन मिनिटांत निकाल दिला असता. कॉपी. पोरगी बाद.

संध्याकाळी मी हर्षालीला समोर बसवलं आणि पर्समधला कागद तिच्या हातात दिला. "वाच. आणि मला खरं सांग. तू लिहिलंस?"

ती वाचायला लागली आणि मी तिच्याकडे बघत राहिले; पत्र तिनं आधी पाहिलंय का, ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचायचं होतं, हेच ते दुसरं कारण. त्यातलं मी मराठीत सांगते. 'ही मुलगी हट्टी आहे. ऑगस्टमध्ये तिनं एका प्रमेयाची सिद्धता आणली. मी चूक आहे म्हणालो. ती मला म्हणाली, सर, तुम्हाला झेपत नसेल तर सोडून द्या. तिसऱ्या दिवशी मला कळलं, चूक माझीच होती. मी तिला तसं सांगितलं. तिनं माफी मागितली नाही. तिला माफी मागायला तुम्ही शिकवा. गणित शिकवण्याजोगं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.'

कागद तिच्या मांडीवर पडला. ती हुंदके देऊन रडली. "काकू, त्या दिवशी वर्गात कुणीच नव्हतं. मी आणि सर. मी हे आईलापण सांगितलेलं नाही. मला लाज वाटते. मला माफी मागायची होती, आणि मग ते गेलेच."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, ते त्या क्षणी. नऊ वर्षांत शेकडो कॉप्या पाहिल्या, स्वतःविरुद्ध लिहिलेली एकही पाहिली नाही. पत्र सरांचंच होतं. पण हे मला पटून काय उपयोग? विद्यापीठाला पुरावा हवा होता आणि अश्विनला अक्षर. हातात उरला होता एक दिवस.

५

शुक्रवारी सकाळी दहाला मी रविराजच्या घरी, दिनेश खाली स्कूटरवर. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मी तिला बाजूला सारून आत गेले. तो पांघरूण घेऊन पडला होता.

"ऊठ. नोकरीचं मी प्राचार्यांशी बोलेन. आधी खरं सांग, नाहीतर मीच तुला खाली ओढते."

तो उठून बसला आणि एकदाचा बोलला. "चार तारखेला, शनिवारी, सरांनी कागद दिला. म्हणाले, पंधराच्या आत पाठव. मी म्हटलं सोमवारी करू. सोमवारी ते ॲडमिट झाले. गुरुवारी गेले. बाई, मला झोप लागेना. सरांचं शेवटचं काम माझ्यामुळे राहिलं. चौदाला टाइप केलं, पाठवलं. जेवून आलो तर टेबलावर कागद नाही! सगळ्या फायली शोधल्या, कपाटं शोधली. मग विद्यापीठाची विचारणा आली, आणि माझी पाचावर धारण बसली."

"कागद कसला होता?"

"सर कधी कोरा कागद वापरायचे का? शिल्लक राहिलेली पुरवणी होती. परीक्षेची."

मी ताडकन उभी राहिले.

दोन हजार सातमध्ये, पेठच्या बाजूच्या एका केंद्रावर, एका मुलीच्या बाकाखाली मला सुटी पुरवणी सापडली. मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं न बांधलेली जादा पानं. मी कॉपी म्हणून तिला बाद केलं. महिन्यानं कळलं, पर्यवेक्षक बांधायला विसरला होता. ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. तिचं नाव मी अजून विसरलेले नाही. आणि परीक्षेच्या कामात मुरलेल्या प्रत्येक माणसाला हीच धास्ती असते. सुटी पुरवणी दिसली की तिला बांधायलाच हात जातात.

"चौदा तारखेला ऑफिसात दुसरं काय चाललं होतं?"

"दिवाळीची सुट्टी लागणार होती. सहामाहीचे तपासलेले पेपर, गठ्ठे बांधणं..." त्याचे डोळे विस्फारले. "चिमणाबाई!"

कॉलेजात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. चिमणाबाई, ऑफिसची शिपाई, माझ्याच वयाची, व्हरांड्यात झाडू मारत होती.

"चिमणाबाई, दिवाळीच्या आधी गठ्ठे बांधताना रविराजच्या टेबलावर एक सुटी पुरवणी होती. आठवतं?"

ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली. "व्हती ना, बाई. म्या काय चोरी केली का? लाल शाईनं लिव्हलेली, गांगुर्डे सरांचं अक्षर. वर पोरीचं नाव व्हतं, हर्षाली पगारे. म्या म्हनलं, सर तर गेले, आता हिचे मार्क कोन देनार? सुटी राह्यली तर पोरीचं लय नुकसान व्हईल. मंग तिच्याच गनिताच्या पेपराला दोऱ्यानं बांधली. चुकलं का माझं?"

"चुकलं नाही गं माझे आई! गठ्ठा कुठे आहे?"

"खालच्या खोलीत व्हता. बोर्डाच्या परीक्षेसाठी खोली रिकामी करायची, तर आत्ताच रद्दीवाला टेम्पो भरून गेला ना."

 रविराज रडायलाच लागला. पण दिनेशनी स्कूटरला किक मारली होती. "ताई, बसा!" म्हणाले, आणि मी साठीची बाई साडी सावरत मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोदलेल्या रस्त्याचे मी आभार मानले, कारण टेम्पो दोन चौक पुढे धुळीत अडकून पडला होता. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता.

त्यानंतर दोन तास आम्ही फुटपाथवर गठ्ठे सोडत होतो. लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, बाई, काय हरवलं? मी म्हणाले, तुझं काम कर. पावणेदोनला बारावी 'अ'चा गणिताचा गठ्ठा निघाला. हर्षालीचा पेपर सापडला. शंभरपैकी शंभर, आणि मागे, पांढऱ्या दोऱ्यानं, पक्की गाठ मारून बांधलेली पुरवणी.

लाल शाई. खोडाखोड, बाण, काट मारलेली इंग्रजी वाक्यं, तीच पुन्हा लिहिलेली. खाली सही आणि चार ऑक्टोबरची तारीख. मी पान उलटलं. मागच्या बाजूला मराठीत चार ओळी होत्या, रविराजसाठी. मी त्या वाचल्या आणि चष्मा काढून पुसला.

"ओझरला चला," मी दिनेशना म्हणाले.

६

अश्विन कामावरून लवकर आला होता. मी काही बोलले नाही. पुरवणी त्याच्या हातात दिली, दोऱ्यासकट.

त्यानं लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. एका ओळीत सरांनी एक शब्द तीनदा लिहून तीनदा खोडला होता. तो हसला की काय, मला कळलं नाही. मग त्यानं पान उलटलं.

'रविराज, हे जसंच्या तसं टाइप कर. माझं इंग्रजी सुधारू नकोस. अश्विनच्या वेळी मला माझ्या इंग्रजीची लाज वाटली, म्हणून दुसऱ्यानं लिहिलेल्या पत्रावर सही केली. त्यात माझा पोरगा कुठेच नव्हता. ती चूक परत करणार नाही.'

त्या ओळी त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. वहिनींनी विचारलं, "काय लिहिलंय रे?" त्यानं वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पहिली ओळ वाचली, आणि पुढचं त्याला जमेना. वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सत्तावीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा रडला. मी आणि दिनेश बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिलो.

घड्याळात साडेचार झाले. पाच वाजत आले. आत जाऊन त्याला घाई करायचा मात्र धीर होईना. पाच वाजून दहा मिनिटांनी तो बाहेर आला. हातात सरांचा फोन.

"मॅडम, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. तक्रार मीच केली, ती चुकीची होती, आणि हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे, असं लिहिलंय. खाली माझं नाव टाकलंय. मागच्या मजकुराचं इंग्रजी मीच केलं." तो थांबला. "साधंच केलं."

उत्तर यायला सोमवार उजाडला. चौकशी बंद, होकार कायम, एवढंच होतं त्यात. दिनेश पुन्हा पेढे घेऊन आले. रविराजला ताकीद मिळाली, आणि चिमणाबाईला हर्षालीनं साडी नेली तेव्हा ती म्हणाली, म्या तर निस्ती गाठ मारली.

पण मला आठवतो तो शुक्रवारच. मी घरी पोचले तेव्हा हर्षाली माझ्या दाराशी पायरीवर बसली होती. तिच्या मोबाईलवर पुन्हा सरांचं नाव आलं होतं आणि तिची तो मेसेज उघडायची हिंमत होत नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि उघडून दिला. पुरवणीचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: 'पत्र बाबांनीच लिहिलं आहे. मला माफ कर. या फोनवरून हा शेवटचा मेसेज. अश्विन.'

तिनं तो दोनदा वाचला. मग ती बराच वेळ काहीतरी टाइप करत बसली, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. मी मान वळवून बघितलं. ती अश्विनला लिहीत नव्हती. तिनं लिहिलं होतं, 'सर, ऑगस्टमध्ये मी तुमच्याशी उद्धटपणे बोलले. मला माफ करा.'

तिनं तो पाठवला. त्याच्यापुढे एकच खूण उमटली, कारण ओझरला फोन बंद झाला होता.